अपघाताची नुकसानभरपाई : कारागिरांनी व व्यापाऱ्यांनी काय जाणून घ्यावे?

रस्त्यावर अपघात होतो, आपला माणूस सिव्हिल हॉस्पिटलात दाखल होतो आणि मोहल्ल्यातील चार जाणती माणसे पोलीस ठाण्याच्या आवारात जमतात. गाडीवाला दहा-वीस हजार रुपये देऊ करतो. ‘‘केस कशाला करता? ड्रायव्हरही गरीबच आहे. तकदीरमध्ये होते ते झाले,’’ असे म्हणून प्रकरण आपसात मिटविले जाते. दोन-तीन महिन्यांनी प्लॅस्टर निघते आणि मग कळते की मनगट पूर्वीसारखे वळत नाही. रंधा चालवता येत नाही, मागावर तुटलेला धागा जोडता येत नाही, सुई धरली तर हात थरथरतो. तोपर्यंत ते वीस हजार औषधपाण्यात गेलेले असतात आणि अपघाताची सरकारी दप्तरात साधी नोंदही नसते.

असे प्रसंग आपल्या वस्त्यांत नवे नाहीत. आपले बहुसंख्य बांधव हातावर पोट असणारे आहेत. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला असो, सुतार, वेल्डर, गवंडी, गॅरेजवाला असो, की टेंपोत माल भरून आठवडे बाजार करणारा कापडवाला असो, त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात आणि दोन पाय. नोकरदाराचा पाय मोडला तर त्याचा पगार निदान काही काळ चालू राहतो. आपल्याकडे ज्या दिवशी काम बंद, त्या दिवशी चूल बंद. आणि तरीही नुकसानभरपाईच्या बाबतीत सर्वांत गाफील आपणच आहोत, असे आम्हाला नाइलाजाने म्हणावे लागते.

या लेखात आम्ही मुख्यतः रस्ता अपघातात जखमी झालेल्या माणसाचा विचार करीत आहोत. जो जखमी होऊन घरी परततो, त्याला लोक ‘वाचला’ म्हणतात आणि विसरतात. पण अधू झालेल्या हाताची किंमत कायद्याने कशी ठरते, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा दावा मंजूर झाला तरी निम्म्या-पाव रकमेवर येऊन थांबतो.

माफी वेगळी, दावा वेगळा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक दावा करीत नाहीत ते दया म्हणून. ड्रायव्हरच्या पोटावर पाय नको, असे त्यांना मनापासून वाटते. ही भावना चांगली आहे, यात शंका नाही. परंतु मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे प्रत्येक वाहनाचा ‘तिऱ्हाइताच्या जोखमीचा’ विमा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, असणे सक्तीचे आहे. विमा चालू असेल आणि त्याच्या अटी मोडलेल्या नसतील तर मंजूर झालेली रक्कम विमा कंपनी भरते, ड्रायव्हरच्या खिशातून जात नाही. आपण दावा सोडला म्हणजे त्या गरीब ड्रायव्हरचे काही वाचले असे नाही. वाचले ते कंपनीचे.

दुसरी शंका आमच्याकडे अधिक येते : विम्याचा पैसा घेणे योग्य आहे का? येथे एक फरक ध्यानात घ्यावा. हा आपण स्वतः काढलेल्या पॉलिसीचा लाभ नव्हे. दुसऱ्याच्या चुकीने आपल्या शरीराची हानी झाली, तिची ही भरपाई आहे. ती कोणाच्या तिजोरीतून यावी, हे कायद्याने ठरविले आहे. अजाणता झालेल्या हानीची भरपाई द्यावी लागते ही गोष्ट आपल्याला परकी नाही. दियतचा उल्लेख सूरह निसामध्ये (आयत ९२) आहेच. हां, निकालाच्या रकमेवर न्यायालय व्याजही लावते. त्या व्याजाचे काय करावे, हा मसला प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावा. परंतु व्याजाच्या शंकेपायी मूळ भरपाईवरच पाणी सोडणे आम्हाला पटत नाही. मुलांची शाळा सुटते, बायकोचे दागिने गहाण पडतात आणि शेवटी सावकाराकडून व्याजानेच कर्ज घ्यावे लागते, हे आपण पाहतोच.

पहिले काही दिवस

उपचार आधी, पैसा मागून, हे सांगायला नको. अपघातग्रस्ताला तातडीचा उपचार नाकारता येत नाही, पोलिसांची कागदपत्रे होईपर्यंत डॉक्टरने थांबायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. शिवाय मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचाराची योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त १ लाख ५० हजार रुपयांचा उपचार योजनेतील रुग्णालयात मिळतो. गरीब-श्रीमंत अशी अट नाही. म्हणून जखमीला कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे ठरविताना ते या योजनेत आहे का, हे विचारून घ्यावे. जो उचलून नेतो त्याने घाबरू नये. मदत करणाऱ्याला त्याची इच्छा नसताना साक्षीदार बनविता येत नाही, नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

रुग्णालयात दाखल करताना कारण नीट लिहवून घ्या. ‘पडल्यामुळे’ असे केसपेपरवर लिहिले गेले की पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो. ‘अमुक ठिकाणी, अमुक वाजता, ट्रकची धडक’ असे लिहिलेले असले पाहिजे. वाहनाचा नंबर टिपून घ्यावा. नंबर असला तर त्या गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा आहे, हे ‘एम-परिवहन’ या सरकारी ॲपवर मोबाईलवरच समजू शकते.

मग पोलीस. एफआयआर नोंदवायला उशीर झाला तर दावा बुडाला असे नाही. घरचे लोक उपचाराच्या धावपळीत असतात, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मधील एका निकालात मान्य केले आहे. तरी पण उशीर टाळावा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. तिच्याबरोबर घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचा दाखला, गाडीचे आरसी बुक, विमा पॉलिसी आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची नक्कल मिळवावी.

१ एप्रिल २०२२ पासून या कामात पोलिसांवर मोठी जबाबदारी आलेली आहे, जिची आपल्या लोकांना फारशी माहिती नाही. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा प्राधिकरणाला कळवायचा, दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती छापील नमुन्यात द्यायची आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल प्राधिकरणाला व विमा कंपनीला सादर करायचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा निर्देश दिले. हा सविस्तर अहवाल हाच दावा म्हणून धरता येतो, असेही कायद्यात आहे. परंतु ठाण्यातील कामाचा बोजा आपल्याला माहीत आहे. अहवाल गेला का, कधी गेला, त्यात आपल्या उत्पन्नाचा व धंद्याचा उल्लेख आहे का, हे तपास अधिकाऱ्याला स्वतः जाऊन विचारावे. विनंतीच्या भाषेत विचारावे, पण विचारावे जरूर.

सहा महिन्यांची मुदत

येथे जुन्या माहितीवर राहू नये. नोव्हेंबर १९९४ पासून पुढे कित्येक वर्षे मोटार अपघाताच्या दाव्याला मुदतच नव्हती. ‘क्लेम कधीही टाकता येतो’ ही समजूत त्या काळातील आहे आणि ती अजून चहाच्या टपरीवर खात्रीने सांगितली जाते. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्या वादाचा आधार ज्याची मुदत टळून गेली आहे त्याने जरूर घ्यावा, वकिलाला विचारून दावा टाकावा. पण ज्याच्या हातात अजून वेळ आहे त्याने तो घालवू नये. प्लॅस्टर निघेपर्यंत थांबावे लागत नाही. दावा आधी दाखल करता येतो, अपंगत्वाचा दाखला मागाहून देता येतो.

दावा कोठे करायचा? मोटार अपघात दावा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात असते. अपघात नागपूरजवळ झाला म्हणून औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारागिराने नागपूरला खेटे घालण्याची गरज नाही. आपण राहतो किंवा धंदा करतो तेथील प्राधिकरणातही दावा चालतो.

हिशेब कसा होतो?

आता मुख्य मुद्दा. जो हिशेब न्यायाधीश करतात तो आपणही वहीत करून पाहावा.

समजा, एक सुतार आहे. वय ३४. महिन्याची कमाई १८,००० रुपये. उजव्या हाताची दोन बोटे गेली, मनगट आखडले. डॉक्टरांनी संपूर्ण शरीराच्या हिशेबाने २० टक्के कायम अपंगत्वाचा दाखला दिला.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ठरवून दिले आहे की स्वतःचा धंदा करणाऱ्याचे वय ४० पेक्षा कमी असेल तर त्याच्या कमाईत भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे. ४० ते ५० वयाला २५ टक्के, ५० ते ६० ला १० टक्के. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता, पण कायमचे अपंगत्व आलेल्या जखमीलाही ही वाढ मिळते, असे त्याच न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. म्हणजे आपल्या सुताराचे १८,००० चे २५,२०० झाले. वर्षाचे ३,०२,४००. याला वयाप्रमाणे गुणक लावतात. २००९ च्या निकालातील कोष्टकाप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे. (१५ ते २५ ला १८, पुढे वय वाढेल तसा तो उतरत जातो, ४६ ते ५० ला १३, ६५ च्या पुढे ५.) गुणाकार झाला ४८,३८,४००. त्याचे २० टक्के म्हणजे ९,६७,६८० रुपये.

पुष्कळ दावे येथेच थांबतात, आणि चूक येथेच होते. डॉक्टरचा २० टक्क्यांचा दाखला शरीराविषयी आहे, कमाईविषयी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० च्या निकालात हा फरक फार सोप्या भाषेत समजावला आहे, आणि उदाहरण दिले आहे ते नेमके कारागिराचे. डावा हात कापला गेला तर वैद्यकीय अपंगत्व साधारण ६० टक्के धरले जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकूनही राहील. तेव्हा न्यायालयाने पाहायचे ते हे की हा माणूस आधी काय करीत होता, आता त्यातले काय करू शकतो आणि दुसरे काही करून पोट भरू शकतो का.

आपल्या सुताराची कमावण्याची शक्ती निम्मी गेली असे सिद्ध झाले, तर तीच रक्कम २४,१९,२०० रुपये होते. दाखला तोच, बोटे तीच. फरक पुराव्याचा.

आता उलट बाजू पाहा. त्याच्याकडे कमाईचा कोणताच कागद नाही म्हणून न्यायालयाने महिना ८,००० रुपयेच धरले आणि अपंगत्व २० टक्केच मानले, तर हिशेब येतो ४,३०,०८० रुपये. चोवीस लाख आणि सव्वाचार लाख, यांच्यामधली दरी आम्ही मुद्दाम आकड्यांत मांडली, कारण ‘वकील बघून घेईल’ म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही.

मग पुरावा कसला द्यायचा? ज्या डॉक्टरने ऑपरेशन केले त्याची साक्ष महत्त्वाची. नुसता दाखला नेऊन ठेवला तर कंपनीचा वकील त्यावर आक्षेप घेतो. या हाताने हातोडी धरता येईल का, वजन उचलता येईल का, शिडी चढता येईल का, हे डॉक्टरच्या तोंडून न्यायालयात आले पाहिजे. दाखला एका हाताचा आहे की संपूर्ण शरीराचा, हेही तपासावे; दोन्ही आकडे वेगळे असतात.

कमाईसाठी आयकर विवरण असेल तर उत्तमच. पण येथे आमच्या व्यापारी बंधूंना एक कडू गोष्ट सांगावी लागते. कर वाचविण्यासाठी विवरणात कमी उत्पन्न दाखवायचे आणि अपघातानंतर ‘प्रत्यक्षात दुप्पट कमावत होतो’ म्हणायचे, हे चालत नाही. लिहून दिलेला आकडा बहुतेक वेळा आपल्याच गळ्यात पडतो. ज्यांच्याकडे विवरण नाही त्यांनी निराश होऊ नये. कर्नाटकातील एका तरुण भाजीविक्रेत्याचा उजवा पाय अपघातात कापावा लागला होता. खालच्या न्यायालयाने त्याची कमाई महिना ३,५०० धरली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये ती ६,५०० केली, कमाईची हानी ८५ टक्के मानली आणि असंघटित धंद्यातील अशा माणसाकडून कागदी पुराव्याची अपेक्षा करणे योग्य नाही, असे सांगितले.

तरीही कागद असला तर बरेच. शेठकडची कामाची वही, मजुरीच्या पावत्या, ऑर्डरच्या चिठ्ठ्या, मोबाईलवर जमा झालेल्या रकमांचा बँक उतारा, गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, हस्तकला कारागिरांना मिळणारे ‘पहचान’ ओळखपत्र, वखारवाल्याची बिले, यातले जे असेल ते जपावे. काम देणाऱ्या ठेकेदाराने किंवा शेठने न्यायालयात येऊन साक्ष दिली तर तिचे वजन मोठे असते. आपल्यात लोक पैशाची मदत करतात पण न्यायालयाची पायरी चढायला बिचकतात. तुमच्याकडे दहा वर्षे काम केलेल्या कारागिरासाठी एक दिवस काढणे, ही त्या मदतीपेक्षा मोठी मदत आहे.

घरी बसून जरीकाम, शिवण किंवा विडीकाम करणाऱ्या भगिनींच्या बाबतीतही हेच. त्या ‘फक्त गृहिणी’ म्हणून लिहिल्या जातात. गृहिणीच्या कामाचेही मोल न्यायालये धरतात. त्यावर त्यांची स्वतंत्र कमाई असेल तर ती दाव्यात वेगळी मांडावी.

वरील रकमेशिवाय औषधांचा खर्च, इस्पितळात ये-जा, पोषक आहार, सेवा करणाऱ्याचा खर्च, बुडालेले दिवस, वेदना, पुढे प्लेट काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च हेही मागता येते. मेडिकलवाल्याच्या कागदावरची शाई चार-सहा महिन्यांत उडते, म्हणून बिलांच्या झेरॉक्स लगेच काढाव्यात. हेल्मेट नव्हते, तिघे बसले होते, उलट बाजूने आले होते, असे निघाले तर आपल्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापली जाऊ शकते, हेही सांगून ठेवतो.

अडीच लाखांचा फॉर्म

कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे न पाहता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. ज्याच्या बाजूने साक्षीदार नाही, किंवा ज्याची स्वतःची चूक असल्याची भीती आहे, त्याला ही तरतूद वरदानच आहे. परंतु ही रक्कम एकदा स्वीकारली की पूर्ण भरपाईचा दावा संपतो. तसेच सविस्तर अहवाल मिळाल्यावर कंपनीचा अधिकारी तडजोडीची रक्कम देऊ करतो. ती रास्त असेल तर जरूर घ्यावी, वर्षानुवर्षे तारखा मोजण्यात शहाणपण नाही. पण सही करण्याआधी वरचा हिशेब करून पाहावा. लोकअदालतीतही असेच. तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही.

टेंपोत कोठे बसता?

बाजार करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी हा मुद्दा स्वतंत्र आहे. मालवाहू टेंपोत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मात्र मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालाबरोबर जात असेल तर त्याला १९९४ च्या दुरुस्तीपासून विम्याचे संरक्षण आहे. अट अशी की माल आपला होता हे दिसले पाहिजे आणि आपण ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसलेले असावे. गठ्ठ्यांवर बसून गेलेल्या मालकाला न्यायालयांनी हे संरक्षण नाकारले आहे. म्हणून खरेदीचे बिल किंवा चलन खिशात असू द्यावे आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. एकाच टेंपोत सात-आठ व्यापारी मागे बसून बाजाराला जातात, त्यांच्या बाबतीत कंपनी हात वर करते आणि बोजा टेंपोवाल्यावर येतो. तो बहुधा आपल्याच गल्लीतला असतो.

ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनीही पाहावे. स्वतःच्या चुकीने आपलीच गाडी उलटली तर थर्ड पार्टी विम्यातून मालकाला काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो २०१८ पासून १५ लाखांचा आहे. आपल्या पॉलिसीत तो हप्ता भरलेला आहे का, हे आजच कपाट उघडून बघावे. ड्रायव्हरचे लायसन्स संपलेले असेल तर कंपनी जखमीला रक्कम देते, पण ती आपल्याकडून वसूल करू शकते.

वकील कसा गाठावा?

सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात सांत्वनाला येणारी काही माणसे दलाल असतात. ‘खर्च काही नाही, क्लेम आला की इतके टक्के आमचे,’ असे सांगून कोऱ्या कागदांवर सह्या घेतात. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरविण्याची मुळी परवानगीच नाही. फी ठरवून घ्यावी, पावती मागावी, कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा चेकवर सही करू नये, मूळ कागद देताना पोच घ्यावी. दुसऱ्याच गाडीचा नंबर घालून दावा ‘मजबूत’ करून देतो असे कोणी म्हटले तर उठून यावे. तो गुन्हा आहे, आणि खरा दावाही त्यात जातो.

ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. कमी उत्पन्न असणारे, अपंग आणि मुले यांना तेथे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही. १५१०० या नंबरवर फोन करून चौकशी करता येते. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, असे समजून आपले लोक तिकडे फिरकत नाहीत. पण सहा महिन्यांत दावा दाखल करून घेण्याचे काम तेथून नक्की होऊ शकते.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि नंबरच मिळाला नाही, तर सरकारी योजनेतून १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागातील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावा. यासाठी न्यायालयात जावे लागत नाही.

कारखान्यात, मागावर किंवा प्रेसवर हात सापडला तर मार्ग वेगळा आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तेथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे आणि काम करताना अपघात झाला एवढे पुरते. मालकाच्या टेंपोवर ड्युटी करताना जखमी झालेल्या ड्रायव्हर-क्लीनरला दोन्ही दरवाजे उघडे असतात, पण एकातूनच जाता येते. कोणत्या मार्गाने जास्त मिळेल ते दावा टाकण्याआधी वकिलाकडून समजून घ्यावे.

निकाल लागल्यावर रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम किमान १ लाख असावी लागते. मंजूर झालेली सर्व रक्कम बहुधा एकदम हातात येत नाही. काही भाग प्राधिकरण बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावते. ती ठेव मुदतीआधी मिळू शकते, मात्र कारण पटवून द्यावे लागते. हात अधू झालेल्या सुताराला छोटेसे हार्डवेअरचे दुकान घालायचे असेल, तर जागेचा भाडेकरार आणि मालाचे कोटेशन जोडून त्याच प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा.